दोन गाठींचा दोरा

सौदीतल्या आमच्या कॅम्पात कोट एकच आहे. काळा, एका बटणाचा, खांद्यात जरा रुंद. तो माझ्या रूममेटचा. रूममेट दापोलीकडच्या खाडीकाठचा, क्रेन चालवतो, वयाने आमच्यात मोठा, म्हणून सगळे त्याला भाई म्हणतात. मेव्हण्याच्या लग्नासाठी त्याने तो कोट जुबेलच्या बाजारातून घेतला होता. ऐनवेळी रजा नामंजूर झाली, लग्न त्याच्याशिवाय लागलं आणि कोट कपाटात लटकला. तेव्हापासून तो सार्वजनिक आहे. कुणाचं स्थळ आलं आणि मुलीकडच्यांना फोटो पाठवायचा असला की तो पोरगा आमच्या खोलीत येतो, वर कोट चढवतो, खाली लुंगी तशीच ठेवतो आणि पांढऱ्या भिंतीसमोर कमरेपर्यंतचा फोटो काढून घेतो. त्या कोटाने किती संसार उभे केले, हे आता भाईलाही आठवत नाही.

मी कोट मागितला तेव्हा भाईने आधी माझ्या डोक्याकडे पाहिलं. तिथे हल्ली काळे केस शोधावे लागतात. या वयात कुणाला फोटो धाडतोस, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, फोटो नाही, शुक्रवारी फ्रान्सला चाललोय. तो हसला आणि बटण जपून लाव एवढंच म्हणाला, कारण ते त्यानेच मच्छीमारी दोऱ्याने टाचलं होतं.

खोबरला समुद्राकाठी हिवाळ्यात जत्रा लागते. उन्हाळाभर एसीत कोंडून बसलेली माणसं थंडी पडली की सगळी एकदम बाहेर येतात. यंदा त्या जत्रेत एक आख्खं फ्रेंच गाव उभं केलं होतं. मी ते फोनवर पाहिलं. दगडी रस्ते, फुलांच्या कुंड्या टांगलेले सज्जे, पाव-केकची दुकानं आणि मधल्या कालव्यावर एक बुटका कमानी पूल. त्या पुलाशी माझा अंगठा थांबला, कारण तो पूल आमच्या घरात आहे.

घरात म्हणजे चिपळूणजवळ, आमच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर. लेक चार वर्षांची होती तेव्हा मी सुट्टीवर जाताना विमानतळावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेतला होता. झाकणावर फ्रान्समधल्या कुठल्याशा गावाचं चित्र होतं. पूल, सज्जे, पाववाला आणि पुलावर टोपली घेऊन उभी असलेली लाल बुटांची एक मुलगी. बिस्किटं दोन दिवसांत उडाली. डबा राहिला आणि त्यात बायकोने सुया-दोरे ठेवले. लेकीने मात्र त्या चित्रावरून मनाशी पक्कं केलं की बाबा या गावात राहतात. डबा तिथून आला म्हणजे बाबाही तिथलेच. शेजारणींना ती झाकणावर बोट ठेवून सांगायची की ही बाबांची बेकरी, हा बाबांचा पूल, आणि ही मी. मी तर रास अल खैरला, समुद्राचं पाणी गोडं करायच्या प्लांटात पाइप फिटर. पण तिला प्लांटाचे फोटो दाखवून तिचं गाव मोडायची मला किंवा बायकोला कधी इच्छा झाली नाही. पुढे शाळेत ती नकाशा शिकली आणि गाव आपोआप मोडलं. बाबा, तुम्ही वाळवंटात आहात, असं तिने मला फोनवर कळवलं, जणू मलाच ठाऊक नव्हतं.

आता ती तेरा वर्षांची आहे, आठवीत. पूर्वी फोन तिच्या हातून काढून घ्यावा लागायचा, आता तो तिच्या हातात कोंबावा लागतो. कशी आहेस, विचारलं की बरी. जेवलीस का, तर हो. अभ्यास कसा चाललाय, तर चाललाय. आणि मग 'आईला देते'. हल्ली माझ्याशी बोलताना तिचं हेच सगळ्यात लांब वाक्य असतं.

तिला तरी काय बोलणार? शिमग्याला येतो, असं मी तिला दोन वर्षं लागोपाठ सांगितलं. आमच्याकडे शिमग्याला देवाची पालखी दारात येते, गावाबाहेर असलेला प्रत्येक बाप्या त्या दिवशी घरी असतो आणि नसला तर लोक कारण विचारतात. दोन्ही वर्षी नेमकं प्लांटचं शटडाऊन लागलं. शटडाऊन म्हणजे यंत्रं थांबवून, उघडून दुरुस्त करायची, आणि त्या दिवसांत फिटरला रजा मागायची सोय नाही. पालखी आली, गेली. शिमगा गेला आणि कवित्व राहिलं म्हणतात, ते कवित्व मी बायकोच्या तोंडून वर्षभर ऐकलं. लेक मात्र काहीच म्हणाली नाही, आणि मला तेच जास्त लागलं.

यंदा मी रजेचा अर्ज वेळेत दिला होता आणि घरी तिसऱ्यांदा शब्द दिला होता. पण त्याच आठवड्यात आमचा साहेब चहा पिता पिता म्हणाला की शटडाऊन पुढे सरकवून मार्चात न्यायचं घाटतंय. अजून काही पक्कं नव्हतं, म्हणून घरी मी बोललो नाही. तिसऱ्यांदाही मी आलो नाही तर ही मुलगी मला मनातून खोडून टाकेल, अशी मला भीती होती. खोटं कशाला सांगू, रात्रंदिवस हीच एक भीती होती.

म्हणून हे फ्रान्सचं खूळ. मनात म्हटलं, एक दिवस तिला तिच्या बाबांचं गाव दाखवू. व्हिडिओवर तिला बरोबर घेऊन पूल ओलांडू, बेकरीत जाऊ, दुकानं बघू. तिला मी फोनवर सांगितलं की शुक्रवारी संध्याकाळी मोकळी राहा, तुला एका ठिकाणी फिरवणार आहे. ती म्हणाली, बघू. नाही म्हणाली नव्हती, तेवढ्यावर मी सदरा इस्त्री केला.

आणि लाल बूट घ्यायचे होते. त्यासाठी दोरा होता.

आमच्याकडे, म्हणजे कॅम्पातल्या बापमाणसांत, दोऱ्याची एक रीत आहे. सुट्टी संपवून निघताना पोरांची मापं दोऱ्यावर घ्यायची. पायाचा दोरा टाचेपासून अंगठ्यापर्यंत, दोन्ही टोकांना गाठ. फ्रॉकचा दोरा खांद्यापासून गुडघ्यापर्यंत. ते दोरे प्लॅस्टिकच्या पाकिटात इकाम्याच्या, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्याच्या, मागे ठेवायचे, म्हणजे हरवत नाहीत, कारण इथे माणूस एक वेळ स्वतः हरवेल पण इकामा हरवू देणार नाही. भाईकडे बायकोच्या मापाची एक बांगडी खिळ्याला टांगलेली असते. बाजारात गेलं की आमची माणसं खिशातून दोरे काढून चपलांवर, झग्यांवर ताणून बघतात. दुकानदारांना त्याची सवय आहे. माझा दोरा काळा होता, त्या बिस्किटांच्या डब्यातलाच. गेल्या सुट्टीत लेकीने पडवीत पाय पुढे केला होता आणि मी गुदगुल्या न करता दोरा लावायचा प्रयत्न केला होता. ती इतकी हसली की गाठ दोनदा सोडून बांधावी लागली.

शुक्रवारी भाई माझ्याबरोबर येणार होता. नमाजनंतर निघायचं ठरलं होतं, पण सकाळीच त्याला क्रेनवर बोलावणं आलं. तू जा, कोट तरी फिरून येईल, असं म्हणून तो हेल्मेट घालून गेला. कंपनीची बस आठवड्याच्या बाजाराला खोबरपर्यंत जाते. बसमध्ये बाकीचे सगळे टी-शर्टात, मी एकटा कोटात. मागच्या सीटवरून कुणीतरी विचारलं की मामा, मुलगी कुठली? मी म्हटलं, फ्रान्सची, आणि त्यावर खोबर येईपर्यंत बसला विषय पुरला.

फाटकात मी तिकीट दाखवलं आणि आत शिरलो. खोटं गाव, पण छान केलं होतं. दिवे लागायचे होते, ऊन उतरत होतं, समुद्रावरून गार वारा येत होता. कुठेतरी पेटी वाजत होती, आपल्या भजनातल्या पेटीची गळ्यात अडकवलेली बहीण असावी तशी. सगळीकडे कुटुंबं. आया, आत्या, ढकलगाड्यांतली बाळं, आईस्क्रीमसाठी भोकाड पसरलेली पोरं. मी कोटाचं बटण लावून जरा ऐटीत चालू लागलो. वाटलं, काय हरकत आहे, आज आपणही साहेब. तेवढ्यात एका बाईने मला अडवून अरबीत काहीतरी विचारलं आणि मला कळेना तशी इंग्रजीत विचारलं की बाथरूम कुठे आहे. मी हात दाखवून सांगितलं, कारण नुकतंच मी ते शोधलं होतं. पुढच्या वळणावर एका गृहस्थाने माझ्या हातात रिकामा कागदी पेला दिला. मग माझ्या ध्यानात आलं की तिथे काळा कोट घालून एकटी फिरणारी माणसं फक्त नोकरीवरची होती. मी तो पेला निमूटपणे कचऱ्याच्या डब्यात टाकला.

पुलाशी पोचल्यावर मी घरी फोन लावला. डोक्यावरचे केस सारखे केले, पूल मागे येईल असा फोन धरला. फोन बायकोने उचलला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावून हसली. कुणाचा हा कोट, तिने विचारलं. मी लेकीला बोलव म्हणालो. ती म्हणाली, अहो, ती शाळेत आहे, गॅदरिंगच्या नाचाची प्रॅक्टिस आहे, सांगितलं नाही का तिने? मी म्हटलं, सांगितलं असेल, माझ्याच लक्षात राहिलं नसेल. तिने सांगितलं नव्हतं. बायकोने ते ओळखलं आणि मला दाखवा की, असं म्हणाली. मी तिला पूल दाखवला, सज्जे दाखवले. डब्यावरच्यासारखंच आहे हो, ती म्हणाली. मग तिच्या कुकरची शिट्टी झाली आणि तिने ठेवते म्हटलं.

फोन खिशात टाकला आणि पुलावर उभा राहिलो. आता करायचं काय? ज्याच्यासाठी आलो ते माणूसच नाही. परतीची बस नऊला. एवढ्या वेळात एकट्याने किती फ्रान्स बघणार? मग फिटरची खोड म्हणून मी कठड्यावर बोट वाजवून पाहिलं. दगड नव्हताच, फायबर होतं. कालव्याचं पाणी गोल फिरत होतं आणि कुठेतरी पंप हवा ओढत होता, त्याचा खरखर आवाज मला गर्दीतही ऐकू येत होता. आवाजाच्या मागे मागे गेलो तर दोन दुकानांच्या फटीतून गाव संपलंच. मागे नुसत्या लोखंडी कैच्या, प्लायवूडला दिलेले टेकू, जनरेटर, वायरी. तिथे चार-पाच माणसं निळ्या कपड्यांत बसून डाळभात खात होती. मला वाटलं, चला, आपली माणसं सापडली. मी पुढे झालो तर ती ताटं खाली ठेवून उभी राहिली. एकाने घाईने तोंड पुसलं आणि सर म्हणाला. कोट बघून त्यांना कुणी तपासणीला आलंय असं वाटलं. मी हिंदीत बसा बसा म्हणालो, मीही फिटरच आहे म्हणालो, पण ती बसेनात. त्यांचा भात गार होत होता. पंपाकडे बघण्याचं नाटक करून मी परत गावात आलो.

भूक लागली होती. एका हॉटेलाबाहेर फुटपाथवर गोल टेबलं मांडली होती, मी त्यातल्या दोन खुर्च्यांच्या टेबलाशी बसलो. चट्टेरीपट्टेरी बनियन आणि तिरकी टोपी घातलेला वेटर केरळचा निघाला. त्याला हिंदी येत होतं, पण त्या टोपीत ते बोलायला त्याला परवानगी नसावी, म्हणून तो माझ्याशी इंग्रजीत बोलला आणि मी मान हलवत गेलो. आधी आला तो चंद्रकोरीसारखा पाव. आपल्या खारीला लोणी पाजून फुगवावं तसा, हात लावला की सगळा कोटावर सांडणारा. मग त्याने एक पातळ घडी आणून ठेवली. क्रेप म्हणतात तिला. मी सुरी-काट्याने एक कोपरा कापून तोंडात घातला आणि मला हसू आलं. मैद्याचं घावन होतं. वर केळं आणि चॉकलेट घालून घावनाची अब्रू घेतलेली, पण घावनच. मला ते कुणाला तरी सांगायचं होतं. अगं हे तर तुझ्या आईचं घावन आहे, एवढंच. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून मी तोंड मिटलं. शेजारच्या टेबलावर आणखी दोन माणसं आली होती. त्यांच्यातला एक जण माझ्याकडे वळला, खुर्चीवर हात ठेवून त्याने विचारलं की ही घेऊ का. मी म्हटलं, घ्या. मग मी एका खुर्चीच्या टेबलावर बसून उरलेलं घावन संपवलं. इतकं एकटं मला वाळवंटातल्या साइटवरही कधी वाटलं नव्हतं.

दिवे लागले आणि गाव एकदम सुंदर दिसू लागलं. तेव्हा खरेदीला निघालो. बायकोसाठी जांभळ्या फुलांच्या वासाचा साबण घेतला. ती तो वापरणार नाही, साड्यांच्या घडीत ठेवेल, हे मला माहीत होतं. आणि मग एका कोपऱ्यावरच्या काचेत मला ते दिसले. लाल बेली. पुढे बारीकशी बो, चमक नाही, भडकपणा नाही. डब्यावरच्या मुलीच्या पायात होते अगदी तसेच.

दुकानातली मुलगी फिलिपिनो होती. तिने सर म्हणून आत घेतलं आणि नंबर विचारला. मी पाकिटातून इकामा काढला, त्याच्या मागून दोरा काढला. ती हसली नाही. तिने दोऱ्याची दोन्ही टोकं माझ्या हातातून अलगद घेतली, तो पट्टीवर ताणला, पुन्हा एकदा ताणला आणि लहान मुलांच्या फळीवरून एक खोका आणला. तेहतीस नंबर. बूट माझ्या तळहातावर मावत होता. मी दोन्ही बूट उलटेपालटे करून टाके बघितले, तळ वाकवून बघितला. चांगला माल होता. मी लगेच घेतला.

पुलावर परत आलो आणि फोन वाजला. लेकीचा. तिने आपणहून केलेला. प्रॅक्टिसवरून नुकतीच आली होती, घामाने बटा कपाळाला चिकटल्या होत्या. सॉरी बाबा, विसरले, म्हणाली. मी म्हटलं, त्याचं काही नाही गं, आणि इतका घाईला आलो की पूल, गाव, बेकरी सगळं सोडून आधी खोकाच उघडला. बूट फोनसमोर धरले. बघ, म्हटलं, कुणाचे आहेत ओळख.

ती बघत राहिली. तिच्या मागून बायकोचा आवाज आला. "अहो, हे तिला कसे..."

"आई, तू थांब," लेक म्हणाली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मस्त आहेत बाबा. होतील मला."

"होणारच," मी म्हणालो. "मापाने घेतलेत."

ती हसली. पाहुण्यांसमोर मुली हसतात तसं. आंघोळीला जाते म्हणाली, आणि या वेळी आईला देते असंही म्हणाली नाही. फोन बंद झाला.

बायकोचं अर्धं वाक्य मला पुरलं. मी दोरा काढून बोटांत धरला. दहा वर्षांची होती तेव्हाचा हा पाय, आणि मी तो तीन वर्षं खिशात घालून फिरत होतो. तेवढ्यात तिकडचा पाय थोडाच माझी वाट बघत थांबणार होता? एवढं मला कळायला हवं होतं. रोज पाइपांची मापं घेतो, एक सूत चुकलं तर पोरांना झापतो. पण मला खरं लागलं ते निराळंच. तिने माझी समजूत घातली होती. लहान मुलाने कागदाची होडी दाखवली की मोठी माणसं छान म्हणतात, तसं तिने मला छान म्हटलं. लेक मोठी झाली ती अशी, आणि तेव्हा मी खोबरला एका फायबरच्या पुलावर भाड्याच्या, म्हणजे भाड्याच्याही नाही, मागून आणलेल्या कोटात उभा होतो.

मला रडू आलं. आलं तर आलं. तिथे मला ओळखणारं कोण होतं?

थोड्या वेळाने मी पुन्हा दुकानात गेलो. त्या मुलीला म्हटलं की बदलून पाहिजेत. ती लगेच हो म्हणाली आणि तिने विचारलं, कोणता नंबर? मी उभाच. लेकीच्या पायाचा नंबर मला माहीत नव्हता, तिच्या कशाचाच नंबर मला माहीत नव्हता. एक मिनिट म्हणून मी तिथेच घरी फोन लावला. लेकीने उचलला. ओले केस, खांद्यावर टॉवेल.

"तुझा पाय केवढा झालाय गं?" मी विचारलं.

तिने खांदे सैल सोडले. खोटं पकडलं गेलं तरी हलकं वाटल्यासारखे. मी म्हटलं, पडवीत जा. पडवीतली फरशी मी आणि गवंड्याने मिळून बसवलेली, प्रत्येक लादी एक फूट बाय एक फूट, मला झोपेतही ठाऊक. लादीच्या सांध्याला टाच लाव, म्हटलं, आणि फोन बरोबर वरून धर, तिरका नको. तिने तसं केलं.

एवढासा पडदा, त्यात आमची लादी आणि लादीवर तो पाय. मी ओळखला नसता. लांब, सडसडीत, बाईमाणसाचा पाय. नखांना निळा रंग. पैंजण नाही. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून लांब, ते मात्र माझं. अंगठ्यापुढे लादीची चार बोटं शिल्लक होती. घोट्याच्या वर एक पांढरट खूण दिसली, करंगळीएवढी. ही कसली, मी विचारलं. सायकलवरून पडले होते, ती म्हणाली, शिकताना, खूप झाले दिवस. सायकल कुणी शिकवली? मामाने. मला कुणी सांगितलं नाही, मी म्हटलं. ती म्हणाली, तुम्ही लांबून काळजी करत बसला असता.

मी बोटांनी माप सांगितलं, दुकानातल्या मुलीने पट्टीवर बघून सदतीस म्हटलं. लहान मुलांच्या फळीवर ते नव्हतं. ती मला दुकानाच्या दुसऱ्या बाजूला, बायकांच्या बुटांकडे घेऊन गेली. तिथेही लाल बेली होत्या. मी फोन त्यांच्याकडे वळवला. म्हटलं, आता तुला लाल आवडतो की नाही कोण जाणे, काळेपण आहेत.

"लालच," लेक म्हणाली. "डब्यावरचे आहेत ना?"

"हो. सदतीस नंबर."

पडवीत दिव्याभोवती किडे फिरत होते, त्यांची सावली तिच्या चेहऱ्यावरून जात होती.

"एक नंबर मोठेच घ्या, बाबा."

"का गं? चावतील वाटतं?"

"नाही. तुम्ही येईपर्यंत होतील."

ती रागाने बोलली नाही. रागाने बोलली असती तर मी समजूत घातली असती, शपथ घेतली असती. आभाळाचा रंग बघून बाई वाळवण आत घेते, तितकं सहज ती बोलली. शिमग्याला येतोय की, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मला ते म्हणवेना. मग मी तिला खरं सांगितलं की शटडाऊन मार्चात नेतील असं दिसतंय, अजून नक्की नाही. ती म्हणाली, हं. रडली नाही, रुसली नाही. तुम्ही जेवलात का, असं तिने मला विचारलं. घावन खाल्लं, मी म्हटलं.

दुकानातली मुलगी सदतीस आणि अडतीसचे दोन खोके घेऊन उभी होती. मी मोठ्याकडे बोट दाखवलं. तिने फोनवर तो पाय पाहिला होता, म्हणून तिने पुन्हा विचारलं. सर, हा नक्की सैल होईल.

मी म्हटलं, हाच द्या.